सहयोगी पीएचडी योजना थांबवण्याच्या निर्णयाविषयी संचालन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
संचालन समिती, वारसा-वस्तूंच्या इमेजिंगवरील सहयोगी पीएचडी योजना

विषय: नवे प्रवेश थांबवण्याच्या निर्णयाचा फेरविचार करण्याबाबत.

महोदय, महोदया,

विद्यापीठाची प्रयोगशाळा आणि संग्रहालय यांनी मिळून पीएचडीचा विद्यार्थी घ्यायचा, त्याला एक मार्गदर्शक भौतिकशास्त्रातला किंवा संगणकशास्त्रातला आणि दुसरा संग्रहालयातला द्यायचा, आणि वस्तूला धक्का न लावता, तिच्यातून कणभरही नमुना न काढता तिच्या आत काय आहे हे पाहण्याच्या पद्धतींवर त्याच्याकडून संशोधन करून घ्यायचे, अशी जी योजना आपण गेली काही वर्षे चालवली, तिच्यात पुढच्या फेरीपासून नवे प्रवेश दिले जाणार नाहीत, असे आपल्या परिपत्रकाने कळवले आहे. वाचणारा निधी संग्रहांचे सरसकट स्कॅनिंग बाहेरच्या कंत्राटदारांकडून करून घेण्यासाठी वळवला जाईल, असेही त्यात म्हटले आहे. कारणे तीन दिली आहेत: तंत्रज्ञान आता परिपक्व झाले आहे, उपकरणे बाजारात तयार मिळतात, आणि या योजनेतील प्रबंध ठरल्या मुदतीत पूर्ण होत नाहीत. पहिले कारण चुकीचे आहे, दुसरे खरे असले तरी गैरलागू आहे, आणि तिसऱ्याचा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारला गेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मी समितीला आधी लेखी कळवले होते. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. ज्या वस्तूंच्या भवितव्याचा हा प्रश्न आहे त्या समितीच्या मालकीच्या नाहीत आणि माझ्याही नाहीत, म्हणून तेच म्हणणे आता सर्वांसमोर मांडत आहे.

मी संग्रहालयात संवर्धक म्हणून काम करते आणि या योजनेतील विद्यार्थ्यांची सहमार्गदर्शक राहिले आहे. चित्रे, हस्तलिखिते आणि रंगवलेली लाकडी शिल्पे माझ्या टेबलावर येतात तेव्हा कुठला थर मूळचा, कुठला नंतरचा, कुठला रंग पाण्याला टिकेल आणि कुठला कापसाच्या पहिल्याच बोळ्याबरोबर निघून येईल, याचा निर्णय मला घ्यावा लागतो, आणि तो चुकला तर दुरुस्त करता येत नाही. पूर्वी अशा वेळी टाचणीच्या टोकाएवढा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हाच मार्ग असे, आणि त्या तुकड्यावरून सबंध चित्राबद्दल अनुमान करावे लागे. गेल्या काही वर्षांत तशी वेळ क्वचितच आली, कारण या योजनेतील विद्यार्थ्यांनी मला दुसऱ्या वाटा दाखवल्या. तेव्हा या निर्णयात माझा स्वार्थ आहे, हे उघड सांगितलेले बरे.

तंत्रज्ञान परिपक्व झाले आहे, या विधानापासून सुरुवात करते. रंगाच्या थराखाली चित्रकाराने आधी काढलेले रेखाटन पाहण्यासाठी आज जगभर वापरली जाणारी इन्फ्रारेड रिफ्लेक्टोग्राफी कुठून आली, हे समितीतील अनेकांना ठाऊक असेलच. त्याआधीची इन्फ्रारेड छायाचित्रण-फिल्म सुमारे ९०० नॅनोमीटरपर्यंतच पाहू शके, आणि त्या पट्ट्यात हिरवे व निळे रंग पुष्कळदा अपारदर्शकच राहत. फान आस्पेरेन दे बूर या डच भौतिकशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हिशेब मांडून दाखवले की दोन मायक्रोमीटरच्या, म्हणजे २००० नॅनोमीटरच्या, आसपासच्या तरंगलांबीला हे रंग बऱ्याच प्रमाणात पारदर्शक होतात आणि खालची काजळीची रेघ खडूच्या पांढऱ्या लेपावर स्पष्ट उठून दिसते. त्यासाठी लागणारा शोधक त्याने कलावस्तूंसाठी नव्हे तर भलत्याच कामांसाठी बनलेल्या साधनांतून निवडला. हे काम १९७० मध्ये आम्स्टरडॅम विद्यापीठाला सादर झालेल्या पीएचडी प्रबंधाचे होते, आणि ते करणारा माणूस कलावस्तूंच्या प्रयोगशाळेत, चित्रांच्या सहवासात काम करत होता. आपण बंद करत असलेल्या योजनेचे वर्णन याहून वेगळे नाही.

दुसरे उदाहरण जवळचे आहे. २००८ साली व्हॅन गॉगच्या गवताच्या एका चित्राखाली दडलेला स्त्रीचा चेहरा प्रकाशात आला, तो हॅम्बुर्गच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या कणत्वरकावर, चित्रात कुठे कोणते मूलद्रव्य आहे याचे नकाशे काढून. त्यासाठी चित्राला संग्रहालय सोडून कणत्वरकापर्यंत प्रवास करावा लागला, आणि जेमतेम वीतभर चौरसासाठी दोन दिवस लागले. आज तेच काम संग्रहालयाच्या खोलीत उभ्या राहणाऱ्या फिरत्या क्ष-किरण स्कॅनरने होते, आणि उपकरणे बाजारात तयार मिळतात असे आपण म्हणता तेव्हा आपल्या मनात हेच यंत्र असणार. ते तयार मिळते हे खरेच आहे. पण ते तयार होण्याआधीच्या वर्षांत अँटवर्पमध्ये त्याच विषयावर पीएचडीचे संशोधन झाले, आणि विद्यार्थ्यांनी घडवलेली प्रारूपे संग्रहालयांतून फिरवून, चित्रांसमोर तासन् तास बसून सुधारली. फळ बाजारात आले म्हणून झाड तोडायचे, असा हा हिशेब आहे.

समितीने प्रत्यक्ष टेबलावर काय घडते ते विचारायला हवे होते. मूलद्रव्यांचा नकाशा म्हणजे उत्तर नव्हे. पारा जिथे दिसतो तिथे हिंगुळाचा लाल रंग असणार, हे सहसा ठीक. शिशाचे काय? ते पांढऱ्या रंगात असते, शिसे-कथिलाच्या पिवळ्यात असते, शेंदरात असते, कॅनव्हासच्या लेपात असते, आणि कधी कधी चित्राच्या मागे दुसरे कापड चिकटवताना वापरलेल्या मिश्रणातही असते. नीळ, लाखेचा तांबडा किंवा इतर सेंद्रिय रंग या यंत्राला दिसतच नाहीत, कारण कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन त्याच्या आवाक्याबाहेर आहेत. लाजवर्दाच्या निळ्या रंगातील सोडियम आणि ॲल्युमिनियमचे क्षीण संकेत हवेतच विरतात. तिथे परावर्तित प्रकाशाचा शेकडो अरुंद पट्ट्यांत अभ्यास करणारे हायपरस्पेक्ट्रल इमेजिंग कामाला येते. पण त्यालाही रोगणाचा पिवळटपणा, दोन रंगांचे मिश्रण, कणांचा आकार यांनी चकवा बसतो. रोगणाची जाडी मोजायची तर नेत्रतपासणीतून आलेली, प्रकाशाने थरांचा छेद दाखवणारी ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी हवी. या तीन-चार साधनांनी दिलेली माहिती एकाच चित्रबिंदूवर आणून ठेवायची, त्यांच्यातला विरोध ओळखायचा आणि त्यातून संवर्धकाला वापरता येईल असा निष्कर्ष काढायचा, हे आजही न सुटलेले काम आहे. ते कोणत्याही कंत्राटाच्या दरपत्रकात येत नाही.

आमच्याकडचाच एक प्रसंग सांगते. एका चित्राच्या कंत्राटी स्कॅनिंगच्या अहवालात शिशाच्या नकाशात दिसणारा एक मोठा आकार 'चित्रकाराने बदललेली मूळ रचना' म्हणून नोंदवला होता, आणि त्यावर प्रदर्शनाची टिपणेसुद्धा लिहायला घेतली होती. आमच्या विद्यार्थिनीने ते चित्र फ्रेममधून काढताना मागून पाहिले होते. तो आकार मागच्या अस्तराला लावलेल्या शिशाच्या लेपाचा आहे, हे तिने शिशाकडून परत येणाऱ्या क्ष-किरणांच्या वर्णपटातील दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या रेषांची तीव्रता ताडून दाखवले: उथळ थरातून येणारी क्षीण ऊर्जेची रेषा तिथे जवळजवळ नव्हती, खोलवरून येऊ शकणारी तेवढी होती. अहवाल लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांना जेवढे काम दिले तेवढे त्यांनी चोख केले. चित्राची पाठ पाहण्याचे काम त्यांना कोणी दिलेच नव्हते.

आता अशा गोष्टीकडे वळते जिच्याबद्दल परिपत्रकात एक शब्दही नाही, आणि सरसकट स्कॅनिंगच्या योजनेत जिची मला सर्वाधिक काळजी वाटते. नमुना काढला नाही, म्हणजे वस्तूला काहीच झाले नाही, असे समजून चालता येत नाही. प्रकाशाला नाजूक असलेले कागद आणि कापड प्रदर्शनात ५० लक्स (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) या मर्यादेत ठेवण्याचा दंडक आम्ही पाळतो, आणि त्याच वस्तूवर स्कॅनिंगच्या दिव्यांचा किती मारा होतो हे कोणी मोजत नाही. मनशीळ हे रंगासाठी वापरले जाणारे तांबडे खनिज हिरव्या प्रकाशात पिवळ्या भुकटीसारख्या रूपात बदलत जाते, तेव्हा हिरव्या लेझरने रामन वर्णपटलेखन (विखुरलेल्या लेझर-प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याची पद्धत) करताना शक्ती किती ठेवायची हा तपासणीइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. क्ष-किरणांची मात्रा डोळ्यांना दिसत नाही, पण मातीच्या भांड्याचे तापदीप्तीने, म्हणजे त्यात काळानुसार साठलेली किरणोत्सर्गाची मात्रा तापवून मोजून, वय काढायचे असेल तर आधी घेतलेले क्ष-किरण त्या मोजणीत भर घालून तिला बिघडवतात. दातांच्या एनॅमलवरून केल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स कालमापनाचेही तसेच आहे. काचेचा रंग जोरकस क्ष-किरणांनी गडद होऊ शकतो, आणि फार मोठ्या मात्रेने हाडांतील प्राचीन डीएनएचे तुकडे होतात. आपण हजारो वस्तू एका झपाट्यात यंत्राखाली घालणार आणि कोणत्या वस्तूवर किती मात्रा पडली याची नोंद ठेवणार नाही, तर पुढच्या पिढीतील संशोधकाला ते भांडे कालमापनासाठी वापरता येईल की नाही हे कळण्याचा मार्गच उरणार नाही. सुरक्षित मर्यादा काय असाव्यात हे संशोधन या योजनेतीलच विद्यार्थ्यांनी सुरू केले होते, आणि आता ते अर्धवट राहील.

माझा स्कॅनिंगला विरोध आहे, असा अर्थ कृपया काढू नये. सप्टेंबर २०१८ मध्ये रिओ दि जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले तेव्हा संग्रहाची पद्धतशीर नोंद किती मोलाची असते हे साऱ्या जगाला कळले. परंतु नोंदींचा जो दाखला सर्वांच्या तोंडी आहे तो पॅरिसच्या नोत्र-दामचा. एप्रिल २०१९ च्या आगीच्या काही वर्षे आधी अँड्र्यू टॅलन या कलेतिहासकाराने त्या वास्तूचे लेझर स्कॅनिंग करून अब्जाहून अधिक बिंदू टिपले होते, आणि ती मोजमापे नंतर पुनर्बांधणीच्या कामी मोलाची ठरली. टॅलन यांना आगीची कल्पना असण्याचे कारण नव्हते. ते तर नोव्हेंबर २०१८ मध्येच वारले. त्यांना हवे होते ते गॉथिक बांधकाम प्रत्यक्षात कसे उभे राहिले, भिंती कुठे कलल्या, कारागिरांनी मध्येच काय बदलले, या प्रश्नांचे उत्तर. प्रश्न नेमका होता म्हणून मोजणी काटेकोर झाली, आणि काटेकोर होती म्हणून ती पुढे कामाला आली.

प्रबंध मुदतीत पूर्ण होत नाहीत, ही आपली तक्रार आकड्यांनी खरी आहे. तिची कारणे मात्र परिपत्रकात नाहीत, आणि ती समितीच्या स्वतःच्या कार्यपद्धतीत आहेत. विद्यार्थी रुजू होतो तेव्हा विद्यापीठ आणि संग्रहालय यांच्यातील करार झालेला नसतो. डेटाची मालकी, छायाचित्रांचे हक्क, प्रकाशनापूर्वीची परवानगी या कलमांवर दोन्हीकडचे कायदा विभाग महिनोन्महिने मसुदे पाठवत बसतात, आणि तोवर त्याला वस्तूच्या जवळ जाता येत नाही. वस्तू हलवायची तर विमा, वाहतूक, तापमान-आर्द्रतेची हमी आणि समितीची मंजुरी लागते. यंत्र वस्तूकडे न्यायचे तर यंत्र कोणाच्या जबाबदारीवर, हा वाद सुरू होतो. एवढे जमले तरी दालन बंद असण्याचा दिवस, संवर्धकाची उपलब्धता आणि यंत्राचे आरक्षण एकाच तारखेला जुळावे लागते. फेलोशिपचे घड्याळ मात्र पहिल्या दिवसापासून चालू असते. (सहमार्गदर्शनाचा वेळ संग्रहालयाच्या कामकाजात कुठल्याच रकान्यात बसत नाही, हेही जाता जाता नोंदवते.)

हे अपरिहार्य आहे असेही नाही. २००५ मध्ये अँटिकिथेराच्या यंत्राचे, म्हणजे प्राचीन ग्रीक खगोलीय गणकयंत्राचे, भंगुर तुकडे अथेन्सच्या संग्रहालयाबाहेर नेणे शक्य नव्हते, म्हणून कित्येक टन वजनाचा वस्तूच्या आतले छेद दाखवणाऱ्या क्ष-किरण टोमोग्राफीचा संचच तिथे आणला गेला, आणि पृष्ठभागावर वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश टाकून बारीक कोरीव अक्षरे उघड करणारे तंत्रही त्याच मोहिमेत वापरले गेले. विद्यापीठे, संग्रहालय आणि उद्योग यांनी आधी एकत्र बसून ठरवले तर काय होऊ शकते, ते तिथे दिसले.

डेटाविषयीची तक्रार थोडक्यात मांडते, कारण ती समितीसमोर पूर्वीही आली आहे. एका चित्राच्या हायपरस्पेक्ट्रल स्कॅनची फाइल प्रचंड असते आणि ती कुठे ठेवायची याची तरतूद कुठल्याच अर्थसंकल्पात नसते, त्यामुळे प्रबंध मंजूर झाल्यावर सारा डेटा विद्यार्थ्याच्या हार्ड डिस्कवर राहतो आणि विद्यार्थी नोकरीला निघून जातो. बऱ्याच फाइली यंत्र-उत्पादकाच्या बंदिस्त स्वरूपात असतात. ते सॉफ्टवेअर कालबाह्य झाले की डेटा असून नसल्यासारखा होतो. आर्किमिडीजच्या खरडून पुसलेल्या ग्रंथाची चर्मपत्रे खासगी मालकीची होती, तरीही मालकाने २००८ मध्ये सारा इमेजिंग डेटा सर्वांसाठी खुला केला. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात कोळसा झालेल्या, हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन नगरातील पपायरसच्या लिखित गुंडाळ्या उलगडण्याच्या नादात मागच्या शतकांत कित्येक नष्ट झाल्या. उरलेल्यांपैकी काहींचे क्ष-किरण स्कॅन २०२३ मध्ये एका खुल्या स्पर्धेसाठी सर्वांना उपलब्ध करण्यात आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न उघडलेल्या एका गुंडाळीतील ग्रीक मजकुराचे स्तंभ वाचल्याबद्दल ज्या तिघांना मुख्य पारितोषिक मिळाले, ते तिघेही विद्यार्थी होते, त्यातला एक पीएचडीचा. त्या स्कॅनमागे आणि आभासी उलगडण्याच्या पद्धतीमागे विद्यापीठातील एका गटाची दोन दशकांची मेहनत होती. आपल्या कंत्राटाच्या मसुद्यात मात्र प्रक्रिया न केलेला मूळ डेटा कंत्राटदाराकडेच राहील आणि संग्रहालयाला अंतिम प्रतिमा मिळतील, असे कलम आहे. हे कलम कोणी आणि का घातले, याचा खुलासा समितीने करावा.

आणखी एक गोष्ट. हा निर्णय घेताना एकाही विद्यार्थ्याला, एकाही संवर्धकाला विचारले गेले नाही, आणि सध्या शिकत असलेल्यांना त्यांच्या फेलोशिपचे पुढे काय होणार हे परिपत्रकातून कळत नाही. ज्यांनी दोन संस्थांच्या मध्ये उभे राहून काम करण्याची जोखीम घेतली, त्यांना निदान स्पष्ट उत्तर देणे समितीचे कर्तव्य आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. नवे प्रवेश थांबवण्याचा निर्णय स्थगित करावा, आणि विद्यार्थी, संवर्धक व दोन्ही बाजूंचे मार्गदर्शक यांचे म्हणणे लेखी घेऊन त्यावर समितीचे उत्तर प्रसिद्ध करावे. सध्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध सादर होईपर्यंत फेलोशिप, वस्तूंपर्यंतचा प्रवेश आणि सहमार्गदर्शक कायम राहतील, असे पत्र द्यावे. दोन संस्थांमधील करार झाल्याशिवाय कोणालाही रुजू करून घेऊ नये, आणि संस्थांमुळे झालेला विलंब फेलोशिपच्या मुदतीतून वगळावा. स्कॅन होणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या नोंदपत्रात प्रकाश, लेझर आणि क्ष-किरण यांच्या मात्रेचा रकाना असावा आणि तो भरल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचे मानू नये. ज्या वस्तूंचे कालमापन पुढे होऊ शकते त्यांचे क्ष-किरण स्कॅनिंग संवर्धकाच्या लेखी संमतीशिवाय करू नये. मूळ डेटा खुल्या स्वरूपात संग्रहालयाकडेच राहावा, त्याच्या दीर्घकालीन साठवणीचा खर्च प्रत्येक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आधीच धरावा, आणि कंत्राटातील ते कलम काढून टाकावे. प्रबंधाच्या परीक्षकांपैकी एक वस्तूंवर प्रत्यक्ष काम करणारा असावा. आजवर दोन्ही परीक्षक एकाच विद्याशाखेतून येत आले आहेत. सरसकट स्कॅनिंग व्हायचेच असेल तर त्याच्या निधीतला निश्चित हिस्सा त्याच डेटावर संशोधन करणाऱ्या सहयोगी पीएचडीच्या जागांसाठी राखून ठेवावा.

यातील प्रत्येक मागणीसाठी लागणारे मसुदे करायला, नोंदपत्राचा नमुना तयार करून द्यायला आणि समितीसमोर प्रत्यक्ष वस्तू व त्यांचे नकाशे घेऊन बसायला मी आणि माझे सहकारी तयार आहोत. पुढील प्रवेशफेरीची सूचना निघण्यापूर्वी समितीने बैठकीची तारीख कळवावी आणि कंत्राटावर तोवर सह्या करू नयेत, ही विनंती.

आपली विश्वासू,
संग्रहालयातील एक संवर्धक आणि या योजनेतील सहमार्गदर्शक